‘येतो’ म्हणालेला आपाजी गुरव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते वेळुंड्याच्या माणसांना विचाराल तर ती सांगतील, तेव्हा पारावर पिंपळ नव्हता. डोंगरावरच्या वाडीत विचाराल तर ती सांगतील, तेव्हा खाली धड गावच नव्हतं. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. तेव्हा आपाजी गुरव होता.

वेळुंडे मोरडोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर एक माळ आहे आणि त्या माळावर ठाकरांची वाडी. वाडीच्या वाटेवर कमरेएवढा काळा धोंडा उभा आहे, त्याला शिवेचा धोंडा म्हणतात. अलीकडे गाव, पलीकडे वाडीचं रान. वाडीची एक रीत होती. धोंड्याशी थांबायचं आणि हाक मारायची, ‘येऊ का?’ वरून कुणी ‘ये’ म्हटलं की पाऊल पुढे टाकायचं. कुणीच ओ दिली नाही तर मुकाट माघारी वळायचं. रीत साधी होती. पण गावातल्या माणसांना साध्याच गोष्टी जड जातात.

आपाजी हा शंकराच्या देवळाचा गुरव. बेल आणि पत्री गोळा करता करता गुरवाला झाडपाला कळायला लागतो, आणि आपाजीच्या घरात तर औषध बापापासून चालत आलेलं. बापाचा एक जुना बटवा होता. त्यात इतर औषधांबरोबर बोटाएवढं जाड, आतून लालसर असं एक मूळ असायचं. त्याला मायमूळ म्हणत. बाळंतिणीचं रक्त थांबेनासं झालं की ते सहाणेवर उगाळून द्यायचं. असं म्हणतात, आपाजीचा बाप होता तोवर वेळुंड्यात एकही बाळंतीण दगावली नाही. मूळ कुठून आणता, असं कुणी विचारलं की बाप म्हणायचा, ‘डोंगरातून.’ कुणाकडून, ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि गावानंही कधी खोदून विचारलं नाही.

बाप गेला. बटवा रिकामा झाला. त्याच सुमाराला आपाजीची बायको भागू हिला दिवस गेले. भादव्यात उघडीप पडली तसा तो एक पोतं आणि कुदळ घेऊन डोंगर चढला. धोंड्याशी तो थांबला नाही. हाक मारली नाही. माळाच्या वरच्या अंगाला एका उतारावर त्याला मायमुळाची हिरवीगार पानं दिसली, वाफा लावावा तशी दाट. आपाजीला काय आनंद झाला म्हणता. त्यानं सगळा उतार खणला. जून खणली, कोवळी खणली, पोतं भरून वर आणखी दाबून बसवली.

परत येताना धोंड्याशी गवताचा भारा टेकवून एक बाई बसली होती. वय त्याच्याच आसपासचं. ती हिरी, वाडीच्या सुईणीची मुलगी.

“कुनाला इचारलंस?” तिनं विचारलं.

“विचारायचं काय त्यात? डोंगर काय तुझ्या बापाचा आहे?”

“बापाचा न्हाय,” हिरी म्हणाली. “आयचा हाय.”

एवढं बोलून तिनं भारा डोक्यावर घेतला आणि ती वर निघून गेली. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. आपाजीला वाटलं, सुटलो.

भागूचे दिवस भरले ते ऐन कार्तिकात. दुपारी मुलगी झाली आणि रक्त थांबेना. आपाजीनं माळ्यावरून पोतं ओढलं, तोंड सोडलं आणि आत हात घातला. हाताला लागला तो नुसता भुसा. असं म्हणतात, पोत्यातलं एकूणएक मूळ माती होऊन गेलं होतं. वाडीची माणसं हसून सांगतात, त्यात चमत्कार कसला? पान हिरवं असताना मूळ खणलं तर त्याची मातीच होते. दसरा सरून पान पिवळं पडल्याशिवाय ते खणायचं नसतं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

आपाजी अनवाणी पळत सुटला. दोन कोसांची वाट आणि कातळात हातपाय रोवायला खोदलेल्या खोबणीची चढण, कशी चढला त्याचं त्याला माहीत. धोंड्याशी मात्र त्याचे पाय आपोआप थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हाक मारली.

“येऊ का?”

त्याला वाटलं होतं, आता कुणी ओ देणार नाही. कशी देतील? पण हाक विरायच्या आत वरून आवाज आला.

“ये.”

तो ‘ये’ आपाजी जन्मभर विसरला नाही. म्हातारपणी त्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण तो एका अक्षराचा आवाज जसाच्या तसा कानात होता.

हिरीच्या झोपडीच्या कुडात एकच मूळ खोचलेलं होतं. गेल्या सालचं, वाडीतलं शेवटचं. तिनं ते काढलं, वरचं टोक मोडून घेतलं आणि उरलेलं त्याच्या हातावर ठेवलं.

“डोकं आमचं. फुडच्या पावसात लावाय होईल. बाकीचं ने. पळ.”

आपाजी पळाला. पळता पळता, आपण सगळेच म्हणतो तसं, सवयीनं मागं वळून म्हणाला, “येतो!”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली गावात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ. पायात वहाणा घालताना माणूस ‘येतो’ म्हणतो आणि जातो. वाडीत तसं नव्हतं. वाडीतला माणूस निघाला की सरळ ‘गेलो’ म्हणे. ‘येतो’ फक्त त्यानं म्हणायचं, जो खरंच येणार आहे. आणि कुणी ‘येतो’ म्हटलं की वाडी त्याची वाट बघे.

भागू वाचली. मुलीचं नाव येसू ठेवलं. आपाजीच्या मनात हिरीकडे जायचं रोज होतं. पण मुलीचं बारसं झालं, शिवरात्र आली, मग चैत्रातली जत्रा, मग पेरण्या. जाऊ जाऊ म्हणता दहा महिने गेले. शेवटी पाऊस ओसरल्यावर तो एक नारळ घेऊन वर गेला. हाक मारली, ‘ये’ आलं. हिरीच्या दारात बसला तर तिनं पळसाच्या पानाखाली झाकलेली नाचणीची भाकर त्याच्यापुढे ठेवली.

“कुणासाठी ठेवली होती?” आपाजीनं सहज विचारलं.

“तुज्यासाठी. आजची हाय. रोज नवी करून ठेवतो आमी.”

“रोज?”

“तू येतो म्हनला व्हतास.”

आपाजी आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या वाडीनं दहा महिने रोज एक भाकर बाजूला ठेवली होती.

“आम्ही खाली असंच म्हणतो, हिरीबाय,” तो खालमानेनं म्हणाला. “जाताना.”

“मंग येताना काय म्हनता?”

त्यानं भाकर मोडली. घास गिळता गिळता त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यानं ती पुसलीही नाही.

मग हिरीनं त्याला उतारावर नेलं. त्यानं पाडलेले खड्डे पावसानं अजून बुजले नव्हते. मधोमध एकच पान उभं होतं, ते त्या मोडून ठेवलेल्या डोक्याचं. एवढ्या मोठ्या उतारावर तेवढं एक पान बघून आपाजी जवळचा खड्डा हातांनी बुजवायला लागला. आपण काय करून ठेवलं ते त्याला तेव्हा कळलं. त्या दिवशी निघताना त्यानं ‘येतो’ म्हटलं ते विचार करून, एकेक अक्षर तोलून.

असं म्हणतात, बारा वर्षं तो येतो म्हणाला आणि बारा वर्षं आला. एका वर्षी वाटेत पट्टेवाला वाघ आडवा बसला होता. आपाजी त्याला म्हणाला, ‘बाबा, मी येतो म्हणून गेलो होतो,’ तर वाघ उठला आणि बाजूला झाला. खरंखोटं वाघाला ठाऊक. पण खड्डे बुजवले ते आपाजीनंच, आणि उन्हाळ्यात झऱ्यावरून घागरीनं पाणीही त्यानंच घातलं. कधी कधी हाकेला ओ यायची नाही. वाडीत काही असेल, कुणाचं दुःख, कुणाची पूजा. मग तो भर उन्हात आल्या पावली परत जाई. पहिल्यांदा त्याला राग येई. नंतर नंतर तो धोंड्याला पाठ टेकून घटकाभर बसायला लागला. वरून येणारा वारा अंगावर घ्यायचा आणि उतरायचं, तेवढ्यानंही त्याला बरं वाटे.

एकाची दोन झाली, दोनाची पाच. बाराव्या वर्षी उतार भरला. पिवळ्या पानांच्या आठवड्यात वाडी खणायला निघाली तेव्हा हिरीनं त्याच्या हातात काठी दिली. कुदळ नाही, अणकुचीदार काठी. खणायचं, डोकं मोडून तिथंच परत पुरायचं, कोवळ्याला हात लावायचा नाही. खणून झालं की उतारावरच मोठी चूल पेटवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. तिचा धूर खाली वेळुंड्यात दिसे आणि गावातल्या बायका म्हणत, मायमूळ निघालं.

गावात लोक आपाजीला म्हणायचे, गुरवा, तुझ्या हाताला गुण आहे. बाप होता तसा तो गप्प बसला नाही. “हात माझा आहे, मूळ मोरडोंगरच्या हिरीबायचं आहे,” असं सांगायचा. नुसतं सांगून थांबायचा नाही. औषध घेणाऱ्या घरानं ‘हिरीचं आहे’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय तो सहाण पुढे करत नसे. काही मोठ्या घरांना ठाकरणीचं नाव घ्यायला जड जाई. आपाजी शांतपणे उगाळत बसे. बाळंतीण आत कण्हत असली की नाव बरोबर तोंडात येई.

वर्षातून दोन-तीनदा तो वर जायचा. उरलेले दिवस त्याचं लक्ष डोंगराकडे. देवळाच्या पायरीवर बसून वर बघत राहायचा. भागू एकदा म्हणाली, “तुमचं अर्धं काळीज तिकडंच आहे.”

“तुझा जीव तिकडून आणला,” तो म्हणाला, “माझं अर्धं काळीज तिथं राहिलं तर राहू दे की.”

भागू गेली तेव्हा आपाजी साठीचा होता. येसूचं सासर गावातच होतं, तीच त्याला जेवू घाली. आणि तो दर वर्षी चढत राहिला, आधी काठीनं, मग दोन्ही हातांनी खोबणी धरून. वर हिरीही म्हातारी झाली होती. दोघं उतारावर बसत आणि बाकीचे खणत. फार बोलत नसत. एका वर्षी तो निघाला, म्हणाला, “येतो.” हिरी म्हणाली, “ये. तुज्याबिगर खनत न्हाय.”

ती काही गोड बोलली नव्हती. वाडीची रीतच ती. येतो म्हणालेला आल्याशिवाय, किंवा त्याचा ‘गेलो’ असा निरोप आल्याशिवाय, खणायला सुरुवात व्हायची नाही.

पुढच्या श्रावणात आपाजी देवळाच्या ओल्या पायरीवरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला. गावानं त्याला बाजेवर निजवलं. औषधं देणाऱ्याला स्वतःचं औषध कळतंच. तो समजला, आता डोंगर संपला. डोलीतून नेऊ म्हणावं तर खोबणीच्या चढणीवर डोली जात नाही.

दसरा झाला. माळावरची पानं पिवळी पडायची वेळ आली. आपाजी दारात बाज टाकून धुराची वाट बघत होता. एक दिवस गेला, दुसरा गेला. धूर दिसेना. का दिसत नाही, ते त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. निरोप धाडला की काम होणार होतं. पण तो धाडवेना. एकदा तो शब्द वर पोचला की वाडी त्याची वाट बघणं सोडणार. आपली वाट बघणारं वर कुणी आहे, याच्यावर तो इतकी वर्षं जगला होता. म्हातारा माणूस दोन दिवस लोभी झाला, आणि त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत.

तिसऱ्या दिवशी मोळी घेऊन उतरलेल्या वाडीच्या बायांनी सांगितलं, हिरीची नात अवघडलेली आहे, आज-उद्या बाळंत होईल. आणि वाडीच्या कुडात गेल्या सालचं मूळ उरलेलं नाही. पानं गळून पडली की खाली मूळ कुठं आहे ते वाडीच्या माणसालाही सापडत नाही. आठवडा, फार तर दहा दिवस, एवढीच मुदत. आपाजीनं येसूला हाक मारली.

“धोंड्याशी जा. हाक मार. हिरीबायला सांग, आपाजी गेला.”

येसूनं तोंडाला पदर लावला. “बाबा, काय हे अभद्र.”

“तिथं अभद्र नाही ते. तिथं त्याचा अर्थ एवढाच, की आता वाट बघू नका. एवढं सांग आणि ये.”

येसू गेली आणि संध्याकाळच्या आत परत आली.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“बरं म्हणाली.”

आपाजीनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी धूर दिसला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पानं पिवळी पडल्यापासून सातव्या दिवशी वारा सुटला. मोरडोंगरावरून पिवळी पानं उडताना खालून दिसायला लागली, तेव्हा त्यानं येसूला जवळ बसवलं.

“ती काय म्हणाली ते नीट सांग.”

“बरं म्हणाली. म्हणाली, बरं, आम्ही वाट बघतो.”

“गेला म्हटल्यावर वाट कशाला बघेल?”

येसू रडायला लागली. “माझ्या तोंडातून निघालंच नाही, बाबा. तुम्ही इथं जिते आणि मी कशी म्हणू, गेले? ती धोंड्याला टेकून बसली होती. डोळ्यांना दिसत नाही आता तिला. मला विचारलं, कुठवर आलाय? मी म्हटलं, बाबा येतायत. थोडा उशीर होईल म्हटलं.”

आपाजी रागावला नाही. लेकीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. “मी पण तेच म्हणालो होतो एकदा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मला अंगणात ने.”

चार माणसांनी बाज उचलून अंगणात ठेवली, तोंड डोंगराकडे करून. भर दुपार होती. म्हातारा काय करतोय ते बघायला गाव जमलं. आपाजी हातांवर रेटा देऊन उठून बसला. त्यानं वर बघितलं. तो धोंडा खालून दिसत नाही, पण त्याला दिसत असावा. ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले. तो शब्द म्हणायची त्याची इच्छा नव्हती, ते सगळ्यांना कळत होतं. मग त्यानं छाती भरून घेतली आणि हाक मारली.

“हिरीबाय, गेलो!”

असं म्हणतात, देवळाची घंटा त्या आवाजानं आपोआप वाजली. बायकांनी कानांवर हात ठेवले. हाक शेतांवरून गेली, ओढ्यावरून गेली, खोबणीची चढण चढून गेली. आणि दोन कोसांवरून, साऱ्या गावानं ऐकलं, उत्तर आलं.

“ये.”

आपाजी हसला आणि मागे टेकला. येसू धावली तोवर सगळं संपलं होतं.

हे वेळुंडे सांगतं. वाडी वेगळं सांगते. हिरी धोंड्याला पाठ टेकून बसली होती, तिच्या कानावर हाक आली. पण तिला ‘गेलो’ ऐकू आलं नाही. तिला ऐकू आलं, ‘येऊ का?’ मधल्या दोन कोसांत शब्द कसा बदलला ते कुणी सांगू शकत नाही. ती नेहमीसारखं ‘ये’ म्हणाली. आणि वाडी सांगते, आपाजी आला. काठी नाही, लंगडणं नाही, पहिल्यांदा हाक मारून आला होता तसा, अनवाणी. हिरीशेजारी बसून त्यानं पळसाच्या पानाखालची भाकर खाल्ली. हिरी उठून म्हणाली, “आला. चला, खना आता.”

खाली अंगणात माणसं रडत होती तेव्हा कुणीतरी वर बोट दाखवलं. मोरडोंगराच्या उतारावरून धूर निघत होता. हिरीच्या नातीला त्याच दिवसाचं मूळ उगाळून दिलं, आणि तिचा मुलगा पुढे वाडीचा कारभारी झाला.

आजही वेळुंड्याचं माणूस त्या धोंड्याशी थांबतं. कळी असो, कंद असो की नुसतं सरपण, आधी ‘येऊ का?’ विचारतं. ओ आली नाही तर रिकामी टोपली घेऊन उतरतं, आणि घरी कुणी का म्हणून विचारत नाही. मोरडोंगर उतरताना गावची माणसं ‘गेलो’ म्हणतात आणि भीत नाहीत. औषध उगाळताना ‘हिरीचं आहे’ म्हणतात.

आणि पिवळ्या पानांच्या दिवसांत, सगळे काठ्या घेऊन उतारावर जमले की वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई धोंड्यावर पळसाच्या पानाखाली भाकर झाकून ठेवते. खाली गावाकडे तोंड करते आणि म्हणते, “ये.” मग कुणी बोलत नाही. एका म्हाताऱ्या माणसाला धोंड्यापासून उतारापर्यंत चढायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ सगळे, वाडीचे आणि गावचे, वाटेकडे बघत उभे राहतात. त्यानंतर खणायला घेतात.